जुवाची शिवळ, दाराचा अडसर

सकाळपासून गल्लीत कोयत्यांना धार लावायचं चाललंय. पायरीच्या दगडावर पाणी शिंपडून बाया कोयता घासतात. खर्र, खर्र, मग बोटानं धार बघायला क्षणभर थांबायचं, पुन्हा खर्र. दसरा जवळ आल्याचं आम्हाला हा आवाज सांगतो. कुठं म्हणे फुलांवरून ऋतू ओळखतात, कुठं ढगांवरून. आमच्याकडे दगडावरून ओळखतात. आपट्याची पानं वाटून झाली की चार दिवसांत ऊसतोडीला न्यायला ट्रक लागतात, आणि नेकनूरच्या पुढची आमची सगळी गावं म्हातारी होतात. म्हातारी माणसं आणि कुलुपं, दोनच मागं राहतात.

यंदा पाऊस बरा आहे. ओढा वाहतोय, बांधावर गवत आहे, तूर कमरेला लागलीय. तरी कोयत्याचा आवाज आला की मला यंदाचं हिरवं काही दिसत नाही. दिसतं ते दुष्काळाचं ते वर्ष, पारामागचं फुफाट्याचं पटांगण, आणि त्या पटांगणात उभं राहिलेलं लाकडाचं एक घर. सहा हात रुंद, आठ हात लांब. त्याला एकही खिळा नव्हता.

मी पत्रकं लिहिणारी बाई. आठवणी आळवणं मला जमत नाही. पत्रकात पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत जबाबदार कोण, तिसऱ्या ओळीत कुठं जमायचं. हे मला चळवळीतल्या अनिलभाऊंनी शिकवलं. मी कॉलेजला बीडच्या वसतिगृहात होते, तेव्हा ते आम्हा ऊसतोड्यांच्या पोरींना गोळा करून बसवायचे. माझा पहिला मसुदा वाचून म्हणाले होते, "सुमे, विशेषणं काढ. साहेबाला विशेषण दिसलं की तो मागणी वाचत न्हाई." म्हणून आधी मागणीच लिहिते. दाराला आतून लावता येईल असा अडसर. एवढंच मागितलं होतं.

ज्यांनी कोपी पाहिली नाही त्यांना ही मागणी समजायची नाही. बांबूच्या काठ्या वाकवून रोवायच्या, वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद टाकायचा, की झाली कोपी. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं. दाराच्या जागी जुनी साडी लोंबते. वारा आला की साडी उडते, माणूस आला की साडी सरकते, आणि माणूस कोण हे साडी विचारत नाही. साखर कारखान्याच्या माळावर अशा कोप्यांची रांग. पाच महिने तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं, तिथंच पाळी, तिथंच बाळंतपण.

आणि आंघोळ. आंघोळीला दोन टायरगाड्यांच्या मधे आडोसा. एका बाजूला लुगडं बांधायचं, दुसऱ्या बाजूला पोरगी उभी करायची. मी ती पोरगी. दिवस फुटायच्या आधी माय मला हलवून उठवायची, आणि डोळे चोळत मी गाडीच्या चाकापाशी उभी राहायचे. कुणी बाप्या तिकडून येताना दिसला की मी खोकायचं. एकदा खोकलं म्हणजे लांब आहे, दोनदा खोकलं म्हणजे लुगडं ओढ. माळावरच्या सगळ्या पोरींना हा खोकला येत होता. एका हिवाळ्यात दवाखान्याची गाडी आली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथल्या मुलींना खोकला फार दिसतो. बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या. औषधाची बाटली मात्र सगळ्यांनी घेतली.

बाप गेल्यावर माय अर्धा कोयता झाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा. मुकादमाच्या यादीत तसंच लिहितात. अर्ध्या कोयत्याची कोपी रांगेच्या शेवटाला, उकिरड्याकडच्या बाजूला असते. तिथं माय उशाशी विळा घेऊन झोपायची. काही झालं होतं का, असं मी तिला मोठी झाल्यावर विचारलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. मग म्हणाली, "झोप सावध लागती आता. बस." पुढं मी विचारलं नाही. पत्रकं लिहायला लागले.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आणि पोळ्यापर्यंत नेकनूरच्या बाजारात गावातले बहुतेक बैल विकून झाले. पोळ्याला लोकांनी मातीचे बैल पुजले आणि खरी दावी खुंटीला टांगून ठेवले. मला त्या वर्षाचं सगळ्यात जास्त काय आठवतं? गोठ्यात उभं करून ठेवलेलं लाकूड. तिफणी, वखर, नांगर, जू. ओढणारा नाही म्हणून भिंतीला टेकवलेली सगळी औतं. उन्हानं बाभळीचं लाकूड तडकायचं, दुपारच्या शांततेत गोठ्यातून टच्च असा आवाज यायचा, आणि माय दचकून बघायची, बैल हलला की काय म्हणून.

लक्ष्मणतात्या सुतारही रिकामेच होते. पारावर लाकूड तासायचा वाकस मांडीवर घेऊन बसायचे. "बैल न्हाईत तर औत कुणाचं जोडू? माझीच हाडं जोडीत बसतो आता." माणूस खडूस, तोंडात तंबाखू, शब्द मोजून. मी त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यावर एक चौकोन काढला होता, आणि चौकोनाला दार.

"तात्या, असं घर करता येईल का, की जे सोडून ट्रकात टाकता येईल आणि कारखान्यावर परत उभं करता येईल?"

"कुणासाठी?"

"मायसाठी आधी. मग सगळ्या कोयत्यांसाठी."

तात्यांनी कागद उलटा करून बघितला, जणू मागं काही लिहिलं असेल. "खिळा मारला तर सोडताना लाकूड फाटतंय. खुंटीवर करावं लागंल. खाच, खाचेत बसणारं कुसू आन् खुंटी. गाडी करतेत तसं." मग थुंकून म्हणाले, "लाकूड कुठून आणती? तुझ्या पत्रकाचं करू का?"

लाकूड बायांनी आणलं. हे मी जन्मात विसरणार नाही. मी घरोघर सांगत फिरले होते, कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेवंताकाकू वखराचं खोड डोक्यावर घेऊन पटांगणात आली आणि धाडकन टाकून म्हणाली, "घे. बसल्या बसल्या वाळवी खातीय, त्यापरीस बाईच्या डोक्यावर राहू दे." मग रीघ लागली. हमीदामावशीनं मोडक्या गाडीच्या तळाच्या, साट्याच्या फळ्या दिल्या. बौद्धवाड्यातून वाळलेल्या कडुलिंबाचे ओंडके आले, चौघींनी खांद्यावर आणलेले. कुणी नांगराचा दांडा दिला, कुणी तिफणीच्या दांड्या. देताना प्रत्येक बाई लाकडावर एकदा हात फिरवायची. माझ्या मायनं आमचं जू दिलं, शिवळांसकट. जुवाच्या टोकाला बैलाची मान ठरून राहावी म्हणून जी उभी काठी अडकवतात ती शिवळ. आमच्या शिवळा बैलांच्या मानेनं घासून घासून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. हातात घेतली की अजून बैलाचा वास यायचा.

पंधरा-वीस दिवस लागले. तात्या रेघ मारायचे, आम्ही करवत ओढायचो. करवतीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेवंताकाकू. "पत्रकवाली, जोर लाव की! लिवताना तर लई जोर असतोय तुझा." माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर कातडं आलं. लिंबाचा भुसा नाकातोंडात कडू व्हायचा. मी आजवर जे काही केलं होतं ते कागदावर केलं होतं. लाकडात खाच एक दोऱ्याएवढी चुकली तर कुसू बसत नाही, आणि तिथं घोषणा देऊन चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. तात्या खाच बोटानं चाचपायचे आणि फक्त मान हलवायचे. होकाराची की नकाराची, हे पुढचा ठोका पडल्यावर कळायचं.

जाणारे-येणारे थांबायचे. "काय गं, सुमीच्या मायचा बंगला झाला का?" "बंगल्याला गच्ची पायजे बाई." "गच्ची कशाला, लिफ्टच काढा की!" माय खुंट्या तासत बसायची. तासलेली प्रत्येक खुंटी ओंजळीत घेऊन मोजल्यासारखी बघायची.

तात्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून आकडे टाकले नाहीत. त्यांनी जोडीच्या लाकडांना जोडीच्या खुणा केल्या. एक चीर एक चिरेशी, दोन चिरा दोन चिरांशी, फुली फुलीशी. "आंधळ्यानंबी हात फिरवून उभं करावं," म्हणाले. याचा त्यांना मोठा अभिमान होता. मलाही होता. आता वाटतं, उचलून न्यायला इतकं सोपं घर जगात कुणी कधी केलं नसेल.

चौकट बसवायच्या दिवशी हळदकुंकवावरून जरा कुजबूज झाली. दाराला पहिलं कुंकू कुणी लावायचं? माय विधवा. एक म्हातारी म्हणाली, सवाशीण बघा. तात्या वाकस खाली ठेवून उभे राहिले. "दार कुणासाठी हाय? तिच्यासाठी. मग बोट तिचंच लागंल. ज्याला पटत न्हाई त्यानं आपलं लाकूड काढून न्यावं." कुणीच काढलं नाही. चौकटीचं वरचं लाकूड म्हणजे आमचं जू होतं, शिवळांच्या भोकांसकट. मायनं त्या जुवाला कुंकू लावलं. आणि दोन शिवळांपैकी लांब शिवळ तात्यांनी दाराच्या आतल्या बाजूला, दोन लाकडी कानांमधून आडवी सरकेल अशी बसवली. तो अडसर.

"सुमीचे माय, आत जा. लाव," तात्या मायला म्हणाले. माय आत गेली. शिवळ सरकल्याचा आवाज आला. जड, ओला वाटावा असा आवाज. तात्यांनी खांदा लावून दार ढकललं. हललं नाही. मग गावातल्या दोन गड्यांनी ढकललं. हललं नाही. शेवंताकाकू ओरडली, "ए बाई, उघड आता, चहा गार व्हायलाय!" आणि आतून मायचं हसू ऐकू आलं. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता हसलेलं. तशी ती मला कधी ऐकू आली नव्हती. ती बराच वेळ उघडेना.

इथंच थांबले असते तर हा लेख गोड झाला असता.

त्याच महिन्यात आमची सहकारी संस्था झाली. ऊसतोड मजुरांची, मजुरांनी चालवायची. अनिलभाऊंनी वर्षभर त्यासाठी चपला झिजवल्या होत्या, मी साक्षीला आहे. सभासदांच्या अर्जांवर आमच्या बायांचे अंगठे मी स्वतः घेतले. फक्त चेअरमन म्हणून भाऊंनी ज्याला आणलं, त्याच्या स्वतःच्या ऊसवाहतुकीच्या गाड्या होत्या. मी विचारलं, हा कसा मजूर? भाऊ म्हणाले, "अगं, दार उघडायला एखादं नाव लागतं. आत गेल्यावर काम आपणच करायचंय." मला पटलं. त्यांचं मला सगळंच पटायचं.

पहिली सभा पटांगणात झाली, घरासमोर. चेअरमननी घराभोवती फेरी मारली, फळीवर टिचकी मारली, वाकून आत बघितलं. मग माईकवर म्हणाले, "माझ्या मायबहिणींनो, हे घर संस्थेच्या नावे करा. संस्थेचं झालं की आपल्याला वर सरकारात दाखवता येतं. मग असं एकेक घर प्रत्येक कोयत्याला. अर्ध्या कोयत्यालाबी!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

ठराव मी लिहिला. हे लपवत नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून भाऊंनी वही माझ्यापुढं सरकवली. 'सदर लाकडी घर सर्व दात्यांच्या संमतीने संस्थेच्या मालकीचे करण्यात येत आहे.' मी तो बायांना वाचून दाखवला, आणि मी वाचला म्हणून त्यांनी अंगठे दिले. फक्त तात्या अडून बसले होते. "एक दिस वापरल्याबिगर देऊन टाकायचं? कशापायी?"

"तात्या, कागदावर आलं की ते कायमचं होतं," मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटानं हवेत खाच चाचपल्यासारखं केलं. मान हलवली. त्या वेळी मला ती होकाराची वाटली.

दसऱ्यानंतर ट्रक लागला. तात्यांनी दुपारच्या चहाला खुंट्या ठोकून काढायला सुरुवात केली, आणि भिंतीवरचं ऊन उतरायच्या आत घराची मोळी झाली. पण मोळी ट्रकात चढवली नाही. अनिलभाऊ म्हणाले, "संस्थेच्या गाडीनं मागून येतंय. आधी वर एकदा दाखवून घेऊ." माय ट्रकाच्या फाळक्यावर पाय ठेवून चढत होती. तिनं विचारलं, "किती दिसात?" "आठ दिवस, वहिनी." माय भांड्यांच्या बोचक्यावर बसली, सालाप्रमाणं प्लास्टिकचा कागद घेऊन. ट्रक सुटला तेव्हा ती मोळीकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मी कारखान्यावर गेले. झोळीत नव्या पत्रकांचा गठ्ठा. माळावर कोप्यांची तीच रांग, तोच धूर, मळीचा तोच आंबूस वास. मायची कोपी शेवटाला होती. तिच्या कोपीशेजारी जमिनीचा एक तुकडा मोकळा होता. दगड वेचलेला, शेणानं सारवलेला, कडेनं ओळीनं खडे लावलेले. मी पावलांनी मोजला. सहा हात बाय आठ हात.

"हे काय गं माय?"

"जागा धरलीया. ते सांगलीकडचे लोक कोपी घालाया आलते, भांडून हाकलले." ती माझ्यासाठी चहाचं आधण ठेवत होती. "गाडी कुठवर आली म्हणं?"

तीन महिने ती तो तुकडा सारवत होती. ऊस तोडून, मोळ्या वाहून, कंबरडं मोडून आल्यावर. आजूबाजूच्या बाया तिला हसायच्या. "अर्ध्या कोयत्याचा प्लॉट" असं त्या जागेचं नाव पडलं होतं. मी म्हणाले, येईल, मी भाऊंशी बोलते. निघताना मी त्या सारवलेल्या जागेवरून चालत गेले नाही, वळसा घालून गेले. लेखकमंडळी असल्या गोष्टींत सौंदर्य बघतात. मला त्या दिवशी फक्त राग आला होता, आणि तोसुद्धा चुकीच्या माणसांवर, गाडीवर, ड्रायव्हरवर, 'वरच्यांवर'.

उन्हाळ्याच्या तोंडाला टँकरसाठी गेवराईला मोर्चा होता. परतताना हायवेवर एका हॉटेलपाशी चहाला थांबलो. नवीन हॉटेल, पुढं दिव्यांच्या माळा, कुंड्यांत हिरवीगार झाडं. गावात हंड्यांची रांग आणि इथं पाइपानं कुंड्यांना पाणी चाललेलं. मी ते बघत होते, आणि मागच्या बाजूला आकाशी ऑइलपेंटनं रंगवलेली एक खोली दिसली. वर पाटी, 'फॅमिली रूम'. चौकटीच्या वरच्या लाकडाला दोन भोकं होती. रंगानं अर्धवट बुजलेली.

मी जवळ जाऊन कोपऱ्यावर हात फिरवला. रंगाखाली तीन चिरा. शेजारच्या फळीवर तीन चिरा. आंधळ्यानंबी हात फिरवून उभं करावं. खरंच, कुणीतरी न चुकता उभं केलं होतं. हॉटेल चेअरमनच्या मेव्हण्याचं, हे पोऱ्याला न विचारताही कळलं, गल्ल्यावर दोघांचा फोटोच लावलेला होता.

अनिलभाऊ संस्थेच्या कचेरीत होते. ते सचिव झाले होते, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता. माझं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. हेच मला जास्त लागलं. ते चिडले असते, खोटं बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

"सुमे, ते एक मॉडेल होतं. पडून कुजण्यापेक्षा वापरात आहे."

"कुणाच्या वापरात?"

"हे बघ, चेअरमनला दुखवलं तर संस्था जाती. संस्था गेली तर सगळ्यांचंच जातं. चळवळीत एका घराला धरून बसायचं नसतं."

"माझी माय तीन महिने जागा सारवत होती, भाऊ."

ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता माणूस जागा होईल. त्यांनी कपाटातून वही काढली, पान उघडून माझ्यापुढं फिरवलं. "सर्व दात्यांच्या संमतीने. अक्षर कुणाचं आहे?"

माझंच होतं. एकही विशेषण नसलेलं, सुटसुटीत. जसं त्यांनी शिकवलं तसं.

चेअरमननं लुबाडलं याचं मला दुःख झालं नाही. त्याच्याकडून वेगळं काय होणार होतं? पण ज्या माणसानं मला लिहायला शिकवलं त्यानं माझ्याच हातानं माझ्या मायचं दार काढून नेलं, आणि वर माझं अक्षर मलाच वाचायला दिलं. हे मी अजून कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही. म्हणून इथं लिहितेय.

पाडव्यानंतर माय परत आली. मी तिला सगळं सांगितलं, ठरावासकट. ती ऐकत बोचकं सोडत होती. मग एवढंच म्हणाली, "बघायचंय मला."

आम्ही तिघं गेलो. माय, मी आणि तात्या. मी झोळीत पत्रकं घेतली होती, लाल शाईत, या वेळी विशेषणांनी भरलेली. हॉटेलात शिरल्या शिरल्या गिऱ्हाइकांना वाटायची, घोषणा द्यायच्या, मालकाला बाहेर बोलवायचं, असं मी ठरवलं होतं. मायनं कशाचीच वाट बघितली नाही. टेबलावरचा पाण्याचा मोठा जग उचलला आणि ती सरळ मागं चालू लागली. मॅनेजर धावला.

"ओ मावशी, तिकडं न्हाई! ती रूम फॅमिलीसाठी हाय."

माय वळली. "मीच फॅमिली हाय," म्हणाली, आणि आत गेली. दार लागलं. आतून तो आवाज आला, जड, ओला. शिवळ सरकली.

मॅनेजरनं दार ठोठावलं. "मावशी! ओ बाई! काय चाललंय?" खांदा लावून ढकललं. तात्या बाकड्यावर बसून तंबाखू मळत होते. "ढकला, ढकला," म्हणाले. "लई जणांनी ढकलून बघितलंय."

मी दाराबाहेर उभी. मॅनेजर मालकाला फोन लावायला येरझाऱ्या घालत होता. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग पाण्याचा आवाज आला. जगातून ओंजळीत, ओंजळीतून अंगावर. सावकाश. दाराच्या फटीतून पाण्याची एक धार बाहेर आली, धुळीतून वाट काढत माझ्या चपलेपर्यंत पोचली. माझ्या घशात खोकला येऊन थांबला. लहानपणीचा. पुरुष जवळ होता, दोनदा खोकायला पाहिजे होतं. मी खोकले नाही. गरज नव्हती.

माय बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते. मॅनेजर काहीबाही बोलत होता, पाण्याचं, पोलिसांचं. तिनं जग त्याच्या हातात दिला. तात्यांना म्हणाली, "दार चांगलं बसवलंय, तात्या. कुठं हालत न्हाई." तात्यांनी मान खाली घातली. मी झोळीत हात घातला, तर मायनं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे ते कागद. चल."

एसटीत बसल्यावर, बीडच्या अलीकडं, तिनं पदराखालून शिवळ काढली आणि मांडीवर आडवी ठेवली. लाकडी कानांतून सरकवली की सुटून हातात येते, खिळा नाही, स्क्रू नाही. तात्यांचंच काम. तात्या खिडकीकडं बघत हसले की रडले, मला समजलं नाही.

"माय, ठरावात हीपण गेली होती," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"तुझ्या ठरावात गेली आसंल," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "माझ्या बैलाची हाय."

ठरावाबद्दल तेवढं एक वाक्य ती मला आजवर बोलली आहे. पुढं कधी टोचलं नाही, उगाळलं नाही. मी अनिलभाऊंना सोडलं, संस्थेला सोडलं. पत्रकं अजून लिहिते, पण कुणाचा अंगठा घ्यायचा झाला की माझा हात आखडतो. त्या हायवेनं जाताना आकाशी खोली दिसते. आता दाराला लोखंडी कडी लावलीय, बाहेरून.

बाहेर खर्र-खर्र थांबलंय. माय धार लावून आत आलीय. कोपऱ्यात बोचकं बांधायला घेतलंय, तवा, परात, दोन लुगडी, प्लास्टिकचा घडी केलेला कागद. मी हे लिहीत बसलेय आणि ती माझ्याकडं पाठ करून विचारतेय, "औंदा जागा धरू का?"

पत्रकात मी या प्रश्नाला कधीच सरळ उत्तर दिलेलं नाही. तिथं 'मिळालंच पाहिजे' असतं, 'मिळवणारच' असतं. पेन खाली ठेवून मी म्हणते, "नको धरू, माय."

ती बोचक्यावरून उठते. मग उतरंडीमागून शिवळ काढते, पदरानं पुसते, कोयत्याशेजारी बोचक्यात खुपसते.

"दारच नाही तर ती कशाला नेतेस?" मी विचारते.

"दाराला न्हाई तर हाताला," ती म्हणते, आणि गाठ आवळते.